लागलेला रंग

“त्या रविवारी दुपारी, चेहऱ्याला रंग लागल्यानंतर, त्यांना निरोप मिळाला की ज्या थोरल्या बहिणीने त्यांना आईच्या मायेने वाढवले ती डोंबिवलीत अखेरच्या घटका मोजत आहे. पण लागलेला रंग पुसायचा नाही, हा नटाचा धर्म! रसिकांचा विरस होऊ नये म्हणून ते उभे राहिले. तिसऱ्या अंकात ‘आणि’ या एका शब्दावर त्यांचा कंठ दाटून आला आणि अवघे प्रेक्षागृह स्तब्ध झाले. तो अभिनय नव्हता. ते एका भावाचे रडणे होते.”

हा मजकूर माझ्या पंचाहत्तरीच्या सत्काराला काढलेल्या स्मरणिकेतला आहे. गुळगुळीत कागदावर छापलेला, शेजारी आबासाहेबांच्या भूमिकेच्या वेषातले माझे छायाचित्र — पांढऱ्या मिशा, बंद गळ्याचा कोट, नजर कुठेतरी लांब. लिहिणारे गृहस्थ सज्जन आहेत. त्यांनी एकही गोष्ट पदरची घातलेली नाही. गेली बारा-पंधरा वर्षे जे ठाण्या-डोंबिवलीत सांगितले जाते तेच नेटके करून लिहिले. आणि तरीही त्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य खोटे आहे.

हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. सांगण्यासारखे माणूसच घरात नव्हते, असे म्हणता येईल — पण ते कारण नव्हे. ज्यांना सगळे ठाऊक होते त्यांतले आमचे निर्माते बापूसाहेब गेले, रंगभूषाकार गेला. आता ते ठाऊक असलेली दोनच माणसे उरली आहेत. एक मी. दुसऱ्याबद्दल बोलायचे तर मला थोडा वेळ लागेल. तुम्ही थांबाल ना?

प्रथम किरकोळ खोट्या गोष्टी निकालात काढतो. मला वाद घालायची सवय आहे, आणि सवयीच्या वाटेने गेले की पाऊल जरा धीट पडते.

रसिकांचा विरस होऊ नये म्हणून मी उभा राहिलो, हे खोटे. मी रसिकांवर प्रेम केले असे मी असंख्य व्यासपीठांवरून म्हटले आहे. ते प्रेम नव्हते, ती भूक होती. भुकेला कुणी प्रेम म्हणते का? मोसमात दर शनिवार-रविवारी मला समोर माणसे लागत. दूरदर्शनवरच्या मालिकेने माझा चेहरा घरोघर नेला तेव्हा तर नौपाड्यात भाजी घ्यायला निघालेला मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने जात असे. लोकांनी ओळखावे आणि मी न पाहिल्यासारखे करावे, हा माझा संध्याकाळचा फेरफटका. मी लग्न केले नाही. “रंगभूमीशीच संसार केला,” असे याच स्मरणिकेत पान सातवर आहे. तेही खोटे. माझ्या घरात माझ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कुणाकडे कुणी पाहावे, हे मला सोसले नसते. एवढीच माझ्या ब्रह्मचर्याची कथा.

दुसरे. पुण्याच्या एका समीक्षकाने लिहिले आहे की निर्मात्याने सक्ती केली; धंदेवाईक रंगभूमी अशीच निर्दय असते वगैरे. हा मेलेल्या माणसावर अन्याय आहे. बापूसाहेबांनी सक्ती केली नाही. उलट त्यांनी जे केले तेच मला झोंबले — ते पुढे येईल.

तिसरे. आमच्या नाटकातल्या नायिकाबाईंनी एका मुलाखतीत सांगितले की प्रयोग संपेपर्यंत आम्ही सर्वांनी ही बातमी त्यांच्यापासून लपवली होती. बाईंचे मन मोठे आहे आणि स्मरणशक्ती त्याहून उदार आहे. माझ्यापासून कुणीही काहीही लपवले नव्हते. मला सकाळीच कळले होते.

आणि चौथे — ते अश्रू. तिसऱ्या अंकात माझ्या डोळ्यांतून जे पाणी आले ते त्या रविवारी आले तसेच आधीच्या रविवारी आले होते आणि पुढच्याही आले. डावीकडच्या दिव्याकडे पापणी न लववता पाहत राहायचे. वाक्य येईपर्यंत डोळे भरतात. हे तंत्र आहे. त्यात बहीण नाही, भाऊ नाही.

राहिला तो दाटलेला कंठ. तो ‘आणि’. त्याच्याकडे येण्याआधी अक्का कोण होती, ते तुम्हाला कळायला हवे.

अक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई-वडील गेले तेव्हा मी शाळकरी होतो. तिने मास्तरकी धरली, लग्नाचे विचार बाजूला ठेवले आणि मला वाढवले. तिने त्याग केला असे मी म्हणत नाही, कारण हा शब्द तिने स्वतः एकदाही वापरला नाही. “तुला सांभाळणं म्हणजे एक वर्ग सांभाळणं,” एवढेच म्हणायची. पुढे तिने डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, शाळेजवळ छोटीशी जागा घेतली आणि नौपाड्यातल्या दोन खोल्या मला ठेवल्या.

माझी प्रत्येक भूमिका तिने पाठ करून घेतली आहे. मी माझी वाक्ये म्हणायचो, बाकी सगळ्यांची ती म्हणायची — राजाची, नोकराची, नायिकेची, सारी एकाच शिक्षकी सुरात, तांदूळ निवडता निवडता. चुकलो की हात थांबायचा. ती कधी “चुकलास” म्हणत नसे. ताटातल्या तांदळाचा आवाज थांबला की मला कळे. उच्चाराच्या बाबतीत ती निष्ठुर होती. आणि विरामाच्या बाबतीत तर फारच. “धाप लागते तिथे थांबू नकोस,” ती म्हणायची. “अर्थ लागतो तिथे थांब.”

ज्या नाटकाने मला नाव मिळवून दिले, त्यात मी आबासाहेब नावाच्या वृद्ध वकिलाचे काम करीत असे. नाटकाचे नाव घेत नाही. नाटककाराचा यात काही दोष नाही. तिसऱ्या अंकात मुलगा गेल्याची बातमी येते, लोक विचारपूस करतात, आणि आबासाहेब म्हणतात — “माझ्या अंगणातला प्राण गेला, आणि तुम्ही मला कारण विचारता?”

मी ‘गेला’वर थांबायचो. आवाज चढवून, हात उंचावून. तिथे टाळी येत असे. ठाण्यात येई, कल्याणात येई, दौऱ्यावर तर हमखास. अक्का पहिल्या प्रयोगापासून म्हणत आली, “अरे, ‘गेला’वर कुणीही थांबेल. ‘आणि’वर थांब. ‘आणि’ म्हणजे त्याला अजून काही बोलायचंय, आणि ते त्याला सापडत नाही. तिथे तो बाप आहे. ‘गेला’वर तू नुसता नट आहेस.”

मला टाळी सोडवेना. मी तिला म्हणालो, “अक्का, ‘आणि’वर थांबलो तर लोकांना वाटेल मी वाक्य विसरलो.” ती म्हणाली, “वाटू दे की.” मी थांबलो नाही. वर्षानुवर्षे थांबलो नाही.

आता दुसऱ्या माणसाविषयी.

आमच्या संस्थेत हरेश्वर नावाचा एक नट होता. चेंदणी कोळीवाड्यातला. घरच्या होड्या खाडीत होत्या. हा मात्र शिकून डोंबिवलीच्या कारखान्यात लागला होता आणि सुटीच्या दिवशी आमच्याकडे कारकुनाचे चार वाक्यांचे काम करीत असे. तिशी उलटलेला, रुंद खांद्यांचा, आवाज असा की मागच्या रांगेला विनासायास पोहोचावा. मुख्य नट आजारी पडला तर उभे राहायला कुणी तयार असावे म्हणून बापूसाहेबांनी त्याला आबासाहेबांची भूमिका पाठ करायला सांगितली. आमच्या धंद्यात याला रिप्लेसमेंट म्हणतात. मी बदली म्हणायचो — कारकुनाच्या बदलीसारखे, जरा खाली पाडून.

त्याला एक अडचण होती. त्याच्या तोंडी ‘ण’ येत नसे. घरच्या बोलीत तो नव्हताच, त्यामुळे जीभ त्या जागी वळत नसे. आणि आबासाहेबांचे ते वाक्य पाहा — अंगण, प्राण, आणि, कारण. जणू त्याच्यासाठीच पेरलेले. मी काय केले असेन? समजावून सांगितले? नाही. तालमीच्या चहाच्या वेळी, सगळ्यांच्या देखत मी म्हणायचो, “हरेश्वरा, पाणी म्हण बघू.”

“पानी,” तो म्हणायचा.

“अरे, तुझ्या एवढ्या मोठ्या खाडीत पाणी नाहीच का रे? नुसतं पानीच?”

सगळे हसत. तोही हसे. “काका, आमच्या माशांना पानीच चालतं,” असेही एकदा म्हणाला, आणि लोक माझ्यापेक्षा त्याच्या उत्तराला जास्त हसले. त्यानंतर मी तो विनोद अधिक वेळा करू लागलो.

अक्काला हे कळले. “त्याला माझ्याकडे पाठव,” म्हणाली. मी पाठवले नाही. असल्या निरोपांचा मला विसर पडत असे.

तर तो रविवार. सकाळी शेजाऱ्यांकडे फोन आला. कोपरहून अक्काच्या शेजारच्या वहिनी बोलत होत्या. अक्काला महिनोन्महिने बरे नव्हते. पोटातला आजार होता आणि तिने त्याचे नाव घेणे बंद केले होते. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, डॉक्टर येऊन गेले. आजचा दिवस म्हणतात. अक्का शुद्धीवर आहेत. तुमची वाट बघताहेत. निघा लगेच.”

मी “निघतो” म्हणालो. ते खरे होते. त्या क्षणी मी निघालोच होतो — हे मी स्वतःच्या बाजूने सांगत नाही, क्रम नीट लागावा म्हणून सांगतो.

तिथूनच मी बापूसाहेबांना फोन लावला. दुपारी चारला प्रयोग होता. मी मनात वाक्य जुळवून ठेवले होते आणि त्यांचेही वाक्य जुळवून ठेवले होते. ते म्हणणार, “अरे देवा! तुझ्याशिवाय कसं व्हायचं?” मग मी म्हणणार, “बापूसाहेब, माझा इलाज नाही.” मग ते प्रयोग रद्द करणार. नाट्यगृहाच्या दारावर पाटी लागणार. लोक हळहळत परत जाणार. खरे सांगतो, बहीण मरणाच्या दारात असताना माझ्या डोळ्यांपुढे ती पाटी होती.

बापूसाहेब म्हणाले, “तू जा रे. बिलकुल काळजी करू नकोस. हरेश्वर आहे.”

हरेश्वर आहे.

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ लोक पुष्कळ वाईट बोलले. पण या दोन शब्दांइतके मला काही लागले नाही. ते पुढेही बोलत होते — “माझी गाडी घेऊन जा, ड्रायव्हरला सांगतो, माजिवड्यावरून कल्याणमार्गे सोडील तुला थेट दारात.” किती चांगला माणूस! आणि या माणसाने सक्ती केली असे तो समीक्षक लिहितो.

मी म्हणालो, “गाडी नौपाड्यात कशाला, मी नाट्यगृहाशीच येतो. वाटेतच आहे.”

ठाणेकरांना मी काय सांगावे! नौपाड्यातून डोंबिवलीला जाणाऱ्या माणसाला तलावाकाठचे नाट्यगृह वाटेत लागत नाही. ज्याला लागते त्याला ते लावून घ्यायचे असते.

मी गेलो. रंगपटात काय झाले ते मी आत्ता सांगत नाही, शेवटी सांगतो. तुम्ही मला भित्रा म्हणाल. म्हणा. त्या दिवसाचा प्रयोग मी केला, एवढे तुम्हाला ठाऊकच आहे. तिसऱ्या अंकात मी म्हणालो, “माझ्या अंगणातला प्राण गेला, आणि —” आणि थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या शब्दावर थांबलो. टाळी आली नाही. असा सन्नाटा झाला की मला तलावाकाठच्या रस्त्यावरचा घोडागाडीवाल्याचा आवाज ऐकू आला. मी तो सन्नाटा पुरेपूर वापरला. मग शांतपणे विचारले, “तुम्ही मला कारण विचारता?”

पडदा पडल्यावर लोक उठत नव्हते. कुणीतरी हुंदके देत होते. माझा कंठ दाटला नव्हता, मित्रहो. माझा कंठ अगदी स्वच्छ होता. मी थांबलो होतो, मोजून. आणि ती जागा माझी नव्हती.

कोपरला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जिन्यात चपलांची गर्दी पाहूनच कळले. अक्का दुसऱ्या अंकाच्या सुमाराला गेली होती — मी वेळ नाटकावरून लावली. दुसऱ्या कुठल्या घड्याळावरून मला ती लावताही आली नसती. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या मला रागावल्या नाहीत. डोळे पुसत म्हणाल्या, “शेवटपर्यंत शांत होत्या हो. चार वाजले का, विचारलं मला. वाजले म्हटलं. तर हसल्या. म्हणाल्या, ‘घंटा झाली. आता निघाला असेल तो. आज त्याला सुटी आहे.’ वातात बोलत होत्या बिचाऱ्या. रविवार म्हणून सुटी म्हणत असतील.”

अक्का वातात बोलत नव्हती. हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होते.

मग वहिनींनी माझ्याकडे नीट पाहिले. “भाऊजी,” त्या हळूच म्हणाल्या, “कानाशी रंग राहिलाय तुमच्या.”

मी हात लावला. बोटाला तांबूस ओशट काहीतरी आले. मागे माणसे होती, सगळी ऐकत होती. मी त्या वेळी काय म्हणालो असेन? मी नट आहे. मला वाक्य सुचले — सुचले असे म्हणतो, ते माझे नव्हतेच — मी म्हणालो, “लागलेला रंग कुणी पुसत नाही, वहिनी.”

एवढेच. दंतकथा तिथे जन्माला आली. मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो, पाहा! रंग लागलेला होता. मी तो पुसला नव्हता. कसा लागला हे मला कुणी विचारले नाही. स्मशानात ते वाक्य एकाने दुसऱ्याला सांगितले, दशक्रियेपर्यंत ते डोंबिवलीभर झाले, आणि पुढच्या प्रयोगाला ठाण्यात लोक तिकिटासाठी उभे होते ते ‘आणि’ ऐकायला. मी त्यांना तो ऐकवला. नाटक बंद होईपर्यंत दर प्रयोगाला ऐकवला. माझ्या भूमिकेला मात्र बापूसाहेबांना पुन्हा बदली ठेवू दिला नाही. गरज काय, म्हणालो. जो नट बहिणीच्या मरणाला हटला नाही तो तापाने हटेल का? त्यांनी ते मान्य केले. त्यांना सगळे ठाऊक होते. पण तिकीटखिडकीवरची रांगही त्यांना दिसत होती.

हरेश्वरने वर्षभरात संस्था सोडली. कोळीवाड्याच्या उत्सवात नाटके बसवतो, असे कानावर येई. तो कुठे काही बोलल्याचे मात्र कधीच कानावर आले नाही. मी वाट पाहत होतो — तुम्हाला हे विचित्र वाटेल. तो बोलेल, मग मी त्याला खोटा पाडीन, असे माझे सगळे ठरलेले होते. माझ्याकडे युक्तिवाद तयार होते. आबासाहेब वकीलच होते ना! पण समोरचा पक्षकार आलाच नाही.

तो आला परवाच्या सत्काराला. डोंबिवलीत, भरल्या सभागृहात. केस पिकलेले, खांदे तसेच. संयोजकांना कुणीतरी सांगितले की हे त्या दिवशी रंगपटात होते, आणि त्यांनी त्याला आग्रहाने वर बोलावले. मी खुर्चीत ताठ बसलो. मनात म्हटले, आली वेळ.

तो ध्वनिक्षेपकापुढे उभा राहिला आणि म्हणाला, “मी तिथंच होतो. काकांच्या चेहऱ्याला रंग लागलेला होता. आणि लागलेला रंग कुणी पुसत नाही.” मग माझ्याकडे वळून त्याने नमस्कार केला आणि खाली उतरला.

‘आणि’. ‘कुणी’. दोन्ही ‘ण’ अगदी स्वच्छ. अक्काच्या ताटातला तांदूळ थांबला नसता.

टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत मला जे झाले त्याला पश्चात्ताप म्हणू नका. पश्चात्ताप थोर माणसांना होतो. मला संताप आला. त्याने माझ्यासाठी खोटे बोलावे? त्याने मला पदरात घ्यावे? ज्याला मी चारचौघांत पाणी म्हणायला लावले, त्याची दया मी शालीसारखी अंगावर घेऊन घरी जावे? मी उभ्या आयुष्यात कुणाची भीक घेतली नाही. त्याची साक्ष खोटी आहे आणि ती मला मंजूर नाही. म्हणून हे लिहितो आहे. दुसरा कोणताही उदात्त हेतू शोधू नका.

आता रंगपट.

मी दार ढकलले तेव्हा प्रयोगाला बराच अवकाश होता. रंगभूषाकार कोपऱ्यात पेटी आवरत होता. माझ्या आरशासमोर, माझ्या खुर्चीत, माझ्या कोटात हरेश्वर बसला होता. पाठमोरा. पांढऱ्या मिशा लागल्या होत्या, भुवया झाल्या होत्या, कपाळावरच्या आठ्या काढून झाल्या होत्या. तो आरशाकडे पाहत नव्हता. डोळे मिटून हळू आवाजात तो म्हणत होता — “माझ्या अंगणातला प्राण गेला, आणि —”

थांबला. ‘आणि’वर थांबला. तिन्ही ‘ण’ जिथल्या तिथे होते, आणि त्या थांबण्यात एक बाप होता. मी उंबऱ्यात उभा होतो. मी आयुष्यभर ते वाक्य म्हटले होते. ते वाक्य मी त्या दुपारी प्रथम ऐकले.

मी विचारले, “हे कुणी शिकवलं तुला?”

तो दचकून उठला. “अक्कांनी,” म्हणाला. आणि मग, मी निघायच्या घाईत आहे असे समजून, भराभर सांगत सुटला. कारखान्यातून सुटल्यावर तो कितीतरी दिवस कोपरला जात होता. अक्कानेच बापूसाहेबांकरवी निरोप धाडला होता. ती पडल्या पडल्या बाकी सगळ्यांची वाक्ये म्हणायची, हा आबासाहेबांची. “तुम्हाला सांगू नको बोललेल्या. बोलल्या, ‘हरेश्वर, माझा दिवस येईल तेव्हा त्याचा प्रयोग असणार, आणि त्याचा पाय निघायचा नाही. तू असा तयार राहा की त्याला माझ्याकडे यायला निमित्त उरू नये.’ मी तयार हाय, काका. तुमी जावा. गाडी खाली उभी हाय. त्या वाट बघतात.”

समजले ना तुम्हाला? मरणाऱ्या बाईने स्वतःच्या श्वासातून माझ्यासाठी एक सुटी तयार केली होती. ती सुटी मिशा लावून माझ्यासमोर उभी होती. आणि मला काय दिसले? मला दिसले की माझी जागा, जी घ्यायला मी वर्षानुवर्षे नकार दिला, ती तिने दुसऱ्याला दिली. आणि आज लोक ती ऐकतील. आणि उद्या मला विचारतील, तुम्ही का नाही हो तिथे थांबत?

मी म्हणालो, “रंग पूस.”

त्याला कळलेच नाही. रंगभूषाकाराचे हात पेटीत तसेच राहिले. मी पुन्हा म्हणालो, “पूस. मी उभा राहतोय.”

हरेश्वरच्या रंगवलेल्या आठ्यांखाली खऱ्या आठ्या हलल्या. घरची बोली त्याच्या जिभेवर परत आली, अक्काची सगळी मेहनत क्षणात पुसली गेली, आणि तो म्हणाला, “काका, लागलेला रंग कोनी पुसत नाय.”

“‘कोनी’ नव्हे,” मी म्हणालो. “‘कुणी’.”

आणि फडताळावरची खोबरेल तेलाची बाटली उचलून मी त्याच्या हातात दिली. तो आरशाकडे तोंड करून बसला आणि त्याने पुसायला सुरुवात केली — आधी मिशा, मग भुवया, मग कपाळ. त्याचा चेहरा मोकळा होईपर्यंत मी मागे उभा राहून पाहत होतो. आरशात आम्ही दोघेही दिसत होतो. रंग त्याच्या चेहऱ्याला लागलेला होता. माझा चेहरा कोरा होता.